लेसरने उघडलेला अश्रूमार्ग पुन्हा बंद का होतो, आणि तो उघडा कसा ठेवायचा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्या तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे : 'डायोड लेसर मिळाल्यापासून बंद अश्रूमार्गासाठी मी लेसर डीसीआर (अश्रूपिशवीला थेट नाकात नवीन दार करण्याची शस्त्रक्रिया) करतो. पेशंट लगेच घरी जातात, खूश असतात. पण चार-सहा महिन्यांनी बरेच जण पुन्हा रुमाल हातात घेऊन येतात आणि सिरिंजिंग केलं, म्हणजे पापणीच्या छिद्रातून पिचकारीने पाणी सोडलं, तर ते परत बाहेर येतं. पॉवर वाढवू का? जाड फायबर (लेसरचा उजेड आत नेणारा तंतू) वापरू का? की हे तंत्रच सोडून देऊ? आणि ज्यांचं पुन्हा बंद झालंय त्यांचं काय करायचं?'

पॉवर वाढवू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण मार्ग पुन्हा बंद झाला की पहिला हात पॉवरच्या बटणाकडेच जातो. तुमचे पेशंट पहिले दोन-तीन महिने बरे होते, याचा अर्थ भोक पडलं होतं. ते नंतर भरून आलं. भरून येण्याची जी कारणं असतात, त्यांत लेसरची उष्णता हेच एक मोठं कारण आहे. वॅट वाढवले की काठ जास्त जळतो, काठ जास्त जळला की वण जास्त धरतो. जाड फायबरचंही तेच; शिवाय तो ज्या बारीक नळीतून जातो तिला इजा होण्याचा धोका वाढतो. तंत्र सोडायची गरज नाही, पण ते कुणासाठी वापरायचं आणि वापरल्यावर पुढचे तीन महिने काय करायचं, हे दोन्ही बदलावं लागेल. लेसरचं यश लेसर चालू असतानाच्या काही मिनिटांत फारसं ठरत नाही. त्याच्या आधी ओपीडीत आणि नंतर नाकात ठरतं.

हे उत्तर पेशंट आणि त्यांच्या घरचेही वाचतील, म्हणून मार्ग थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. तिथून साधारण १० मिलीमीटर लांबीची बारीक नळी, म्हणजे कॅनालिक्युलस, निघते. बहुतेकांत वरची आणि खालची नळी एकत्र होऊन अश्रूपिशवीत उघडते. पिशवीच्या खालून हाडातून जाणारी अश्रूनलिका नाकात, खालच्या टर्बिनेटखाली (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत आलेल्या हाडाच्या घडीखाली) उघडते. ही शेवटची नलिका बंद पडली की पाणी गालावर ओघळतं, पिशवीत चिकट स्राव साठतो, कधी पू होतो. गावाकडे जुनी माणसं याला लासूर म्हणतात. चाळिशीनंतरच्या बायकांत हे जास्त दिसतं. डीसीआर म्हणजे बंद नलिका तशीच सोडून, पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड काढून पिशवीला थेट नाकात नवीन दार करून देणं.

बाहेरून छेद घेऊन हे दार करण्याची शस्त्रक्रिया इटलीच्या टोटी यांनी १९०४ मध्ये मांडली. नाकातून जाण्याचा मार्ग अमेरिकेतल्या कॉल्डवेल यांनी त्याच्याही आधी, १८९३ मध्ये सुचवला होता, पण नाकात नीट दिसतच नसल्यामुळे तो मागे पडला. दुर्बीण आल्यावर १९८९ च्या सुमारास तो पुन्हा वर आला. १९९० मध्ये मसारो आणि सहकाऱ्यांनी नाकातून लेसर वापरून पाहिला, तर १९९२ मध्ये लेविन आणि स्टॉर्मोजिप्सन यांनी लेसरचा फायबर पापणीच्या छिद्रातूनच आत घालण्याची कल्पना मांडली. तुम्ही जे करता ते या शेवटच्या पद्धतीचं आजचं रूप. चेहऱ्यावर छेद नाही, रक्त जवळजवळ नाही, स्थानिक भूल पुरते. हे सगळं खरं आहे, आणि दवाखान्याच्या पाटीवर 'लेसरने, बिनटाक्याचे' असं लिहिलं की पेशंट येतात हेही खरं आहे.

आकडे मात्र पाटीवर नसतात. फिनलंडच्या हार्टिकायनेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बाहेरून केलेली डीसीआर आणि नाकातून लेसरने केलेली डीसीआर यांची चिठ्ठ्या टाकून विभागलेल्या गटांत तुलना केली. एका वर्षानंतर बाहेरून केलेल्यांत ९१ टक्के आणि लेसरमध्ये ६३ टक्के मार्ग उघडे होते. त्यानंतर यंत्रं सुधारली, डायोड आला, काहींनी याहून बरेच चांगले निकाल दिले. पण दुर्बिणीतून हत्यारांनी हाड काढून श्लेष्मल पडदे (आतलं ओलसर अस्तर) नीट बसवणारी डीसीआर आज बाहेरच्या शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड निकाल देते, आणि लेसर तिथवर सातत्याने पोहोचलेला नाही. पाठपुरावा जितका लांबवाल तितका लेसरचा आकडा खाली येतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

कारण समजून घेतलं की उपाय आपोआप सुचतात. बाहेरून डीसीआर करताना आपण सव्वा-दीड सेंटीमीटरचं हाड काढतो. १९८२ मध्ये लिनबर्ग यांनी मोजून दाखवलं की सरासरी जवळपास १२ मिलीमीटर हाड काढलं तरी जखम भरल्यावर नाकातलं तोंड सरासरी २ मिलीमीटरच्याही आतच राहतं. एवढं मोठं दार करूनही शरीर ते इतकं आवळतं. तुमचा लेसर मुळात ४-५ मिलीमीटरचं भोक पाडतो, त्याचा काठ जळलेला, हाड काळवंडलेलं, आणि पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराला कुठेही जोडलेलं नाही. उघडं हाड आणि जळका काठ यांच्यावर ग्रॅन्युलेशन, म्हणजे जखम भरतानाचं लालसर दाणेदार मांस, धरतं, ते आकसतं, आणि तीन-चार महिन्यांत दार बुजतं. तुमच्या पेशंटचं वेळापत्रक नेमकं याच्याशी जुळतंय.

आता पेशंटची निवड. माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

डोळ्यातून पाणी येतं म्हणजे नलिका बंद, असं नसतं. कोरड्या डोळ्यालाही चुरचुरून पाणी येतं. पापणी सैल पडली असेल तर पाणी छिद्रापर्यंत पोहोचतच नाही. आधी पापणी बोटाने खाली ओढून सोडा, ती पटकन जागेवर बसते का बघा. फ्लुरेसिन या हिरवट रंगाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी दोन्ही डोळ्यांत रंग किती उरला ते पाहा. मग पिशवीवर बोटाने दाब द्या. चिकट पाणी किंवा पू छिद्रातून उलटा आला तर नलिकेचा अडथळा जवळजवळ नक्की. त्यानंतर सिरिंजिंग. सिरिंजिंगचा शेरा नुसता 'नॉट पेटंट' (मार्ग बंद) असा लिहू नका. सुई पिशवीत शिरून हाडाला टेकली की कडक थांबा लागतो. मऊ, स्पंजसारखा थांबा लागला तर अडथळा अलीकडे, कॅनालिक्युलसमध्ये आहे. खालून सोडलेलं पाणी त्याच छिद्रातून स्वच्छ परत आलं तर अडथळा कॅनालिक्युलसमध्ये, वरच्या छिद्रातून चिकट होऊन आलं तर पिशवीच्या खाली. कॅनालिक्युलस बंद असलेल्या पेशंटला पिशवीपाशी कितीही सुंदर दार केलं तरी पाणी तिथे पोहोचणार कसं? पूर्वी डॉसेटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधाचे डोस झालेत का, हे म्हणूनच विचारा. ते कॅनालिक्युलस बंद करतं आणि पेशंट स्वतःहून सांगत नाहीत. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडिन घेतलेल्यांतही अश्रूमार्ग बंद होतो, तोही इतिहास घ्या.

लेसरला चांगला पेशंट कोणता? पिशवी फुगलेली किंवा निदान नेहमीच्या आकाराची, कॅनालिक्युलस मोकळा, नाक मोकळं, आणि मोठी शस्त्रक्रिया टाळण्याला खरंखुरं कारण. हे शेवटचं महत्त्वाचं. हृदयात स्टेंट असलेले, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी इतर औषधं बंद करता न येणारे, पूर्ण भूल न झेपणारे आजी-आजोबा. यांच्यासाठी लेसर खरोखर वरदान आहे, कारण यांच्यात 'जरा कमी यशाची पण सुरक्षित' शस्त्रक्रिया हा शहाणपणाचा सौदा असतो. पंचेचाळिशीची धडधाकट बाई, जिला केवळ 'लेसर' हा शब्द आवडला म्हणून लेसर हवाय, तिच्याशी बसून बोलायला हवं. तिला दोन्ही आकडे सांगा. वण नको असेल तर दुर्बिणीतून हत्यारांनी केलेल्या डीसीआरमध्येही चेहऱ्यावर वण नसतो, हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

लेसर कुणाला नकोच, तेही स्पष्ट असू द्या. पिशवीचा तीव्र दाह चालू असताना नको. आधी अँटिबायोटिक, गळू झालं असेल तर निचरा, आणि सगळं शांत झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी विचार. त्या काळात सिरिंजिंगही करू नका. चेहऱ्याच्या फ्रॅक्चरनंतर हाडं सरकलेली असतील तर नको. पिशवीत खडे असण्याची शंका असेल तर नको, कारण भोकातून खडे निघत नाहीत. रक्ताचं पाणी येत असेल, किंवा कोपऱ्यातली गाठ वरच्या बाजूला, स्नायुबंधाच्या वर पसरत असेल, तर ट्यूमर समजूनच चाला. लेसर तपासणीला तुकडाही शिल्लक ठेवत नाही. छत्तीसगड, केरळ, तामिळनाडू या भागांतून आलेला, तळ्यात-डबक्यात पोहणारा माणूस आणि नाकात लालसर, दाणेदार मांस, हे दिसलं तर ऱ्हायनोस्पोरिडिओसिस (साचलेल्या पाण्यातून होणारा, नाकात मांस वाढवणारा संसर्ग) डोक्यात ठेवा. विदर्भाच्या पूर्वेकडच्या सहकाऱ्यांनी तर नक्कीच. आणि लहान बाळांना नको. जन्मतः बंद नलिका पहिल्या वर्षात बहुतेक बाळांत पिशवीवर मालिश करूनच उघडते, नाही उघडली तर प्रोबिंग, म्हणजे नलिकेत बारीक सळई घालून ती मोकळी करणं, आहे.

नाक बघितल्याशिवाय लेसर डीसीआर करणारे अजूनही आहेत. आपण डोळ्यांची माणसं, नाक आपलं नाही असं वाटतं. पण दार नाकात उघडणार आहे! नाकाचा मधला पडदा त्याच बाजूला वर वाकलेला असेल, मधलं टर्बिनेट फुगून पडद्याला चिकटलेलं असेल, पॉलिप असतील, तर नवीन तोंड समोरच्या भिंतीला चिकटून बसणार. अशा वेळी गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सोबत घ्या, दोघांनी मिळून करा. ॲलर्जीची सर्दी असेल तर स्टिरॉइडचा नाकातला फवारा शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी सुरू करा. तपकिरीबद्दल मुद्दाम विचारा. मिशरी लावणाऱ्या बाई 'तंबाखू खात नाही' असं सांगतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरं असतं. तपकीर ओढणारे आजोबा तर तिला व्यसनात मोजतही नाहीत. तपकिरीने सुजलेल्या नाकात केलेलं भोक टिकत नाही. ती बंद होईपर्यंत मी तारीख देत नाही.

आता ओटीत. फायबर ४०० ते ६०० मायक्रॉनचा, डायोड ९८० नॅनोमीटरचा, पॉवर ६ ते १० वॅटच्या दरम्यान आणि तुकड्या-तुकड्यांत, सलग नाही. तुमच्या यंत्रावर जेवढ्या कमी पॉवरला हाड सुटतं तेवढी पुरे. त्याआधी नाकात लिग्नोकेन-अॅड्रिनालिनचा बोळा दहा मिनिटं तरी ठेवा. घाईत हा बोळा पाच मिनिटांत निघतो आणि मग सगळी शस्त्रक्रिया सुजलेल्या नाकात चालते. डोळ्यावर कवच, सगळ्यांना त्या तरंगलांबीचे चष्मे, हे वेगळं सांगायला नको.

फायबर पिशवीत जाऊन हाडाला टेकला की मार्गदर्शक लाल उजेड चालू करा आणि खोलीतला दिवा मंद करून नाकातल्या दुर्बिणीत बघा. इथे थांबा, ही दोन मिनिटं सगळ्यात मोलाची. उजेड पसरट, धूसर, टर्बिनेटच्या अख्ख्या मुळाशी लालसर चमक असा दिसला तर समोर जाड हाड आहे, वरच्या जबड्याच्या हाडाचा पुढचा भाग. फायबरचं टोक किंचित मागे आणि खाली वळवा. एका जागी तो उजेड अचानक आकसून कडा असलेला ठिपका होतो. तिथे अश्रू-अस्थी आहे, साधारण ०.१ मिलीमीटर जाडीची, कागदासारखी. ठिपका मधल्या टर्बिनेटच्या मुळाच्या पुढे किंवा लगेच खाली हवा. तो टर्बिनेटच्या मागे दिसला, तर तुम्ही चुकीच्या दिशेने आहात. ठिपका दिसतच नाही आणि चमक आतून कुठूनतरी येते, तर मध्ये ॲगर नासी ही हवेची पोकळी आडवी असू शकते. तिच्यात भोक पाडून काही साधत नाही. वर आणि बाहेरच्या दिशेला कधीही नेम धरू नका, तिकडे डोळ्याची खोबण आहे.

दाराची जागा का महत्त्वाची, तर वॉर्मल्ड यांनी २००० मध्ये स्कॅनवर दाखवलं की पिशवीचा मोठा भाग टर्बिनेटच्या मुळाच्या वर असतो, सरासरी जवळपास ९ मिलीमीटर वर आणि ४ मिलीमीटर खाली. म्हणजे पिशवी आपल्याला वाटते त्याहून उंच आहे. दार फक्त वर केलं तर खालच्या कप्प्यात पाणी साचून राहतं, सिरिंजिंग मोकळं आणि पेशंट मात्र रडतच. लेसरने पूर्ण पिशवी उघडणं शक्य नसतं, पण खालचा भाग तरी नक्की उघडा.

लेसर चालू असताना फायबर एका जागी धरून ठेवू नका. हाडात शिरला की लहान गोल फिरवत भोक वाढवा, मधेमधे थांबा, सलाईनने धुवा. टर्बिनेट आणि नाकाचा मधला पडदा ओल्या बोळ्याने झाका. तिथे भाजलं की पुढे दोन भिंती चिकटतात. फायबरचं टोक पिशवीतच आहे याची खात्री असल्याशिवाय पाय पेडलवर ठेवू नका, आणि लेसर थांबवून, टोक थंड होऊ देऊनच फायबर बाहेर काढा. कॅनालिक्युलसचं भाजणं हे या शस्त्रक्रियेतलं सगळ्यात वाईट अपयश आहे, कारण त्याला साधा उपाय नाही.

पुढची पायरी मात्र बहुतेक जण गाळतात. लेसरने भोक पडलं की काम संपलं असं समजू नका. नाकातून बारीक पकडीने किंवा हाडाच्या पंचने जळालेला काठ, काळे कण आणि सैल श्लेष्मल पडदा काढून टाका, दार जमेल तेवढं मोठं करा. निदान ५ मिलीमीटर, जास्त झालं तर उत्तम. हे केलं की लेसर फक्त वाट दाखवण्याचं आणि रक्त कमी ठेवण्याचं काम करतो, खरं दार हत्यार करतं. 'मग लेसर कशाला' असं कुणी विचारलं तर त्यात तथ्य आहे, पण रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या पेशंटमध्ये हा मिलाफ मला सगळ्यात पटतो.

वण कमी धरावा म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावावं का? अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. लेसरमध्ये काठ जळलेला असतो म्हणून मी लावतो : मिलीलिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, कापसाचा तुकडा भिजवून दाराच्या काठावर ३ मिनिटं, आणि नंतर भरपूर सलाईनने धुणं. जास्त तीव्र, जास्त वेळ याने फायदा वाढतो असं नाही. डोळ्याला आणि कातडीला लागू देऊ नका.

पापणीच्या छिद्रांतून नव्या दारातून नाकात सोडतात, त्या सिलिकॉनच्या नळीबद्दलही तेच. सरसकट प्रत्येक डीसीआरला ती लागते असं पुरावा सांगत नाही, पण लेसरचं दार लहान असल्यामुळे मी घालतो. कान टोचल्यावर छिद्र बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालतात, तसाच हा प्रकार. सहा ते आठ आठवड्यांनी काढा. वर्षभर ठेवली तर जास्त फायदा, ही समजूत सोडा. नळीभोवतीच ग्रॅन्युलेशन धरतं आणि घट्ट बांधलेली नळी पापणीचं छिद्र चिरत जाते. बांधताना बोटाने पापणी बाहेर ओढून पाहा, ताण यायला नको.

आणि मग ती तीन महिन्यांची मेहनत. तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, म्हणून मला शंका आहे की निम्मं कारण इथे आहे. पेशंट दुसऱ्या दिवशी घरी गेला, थेंब दिले, महिन्याने या. मधे नाकात कुणी पाहिलंच नाही. पहिल्या आठवड्यात दुर्बिणीने बघून खपल्या आणि गोठलेलं रक्त काढा. चौथ्या आठवड्यात पुन्हा. याच सुमाराला दाराच्या काठावर लालसर, भुसभुशीत दाणा दिसतो, बहुतेकदा नळीला टेकलेला. तो लहान असेल तर स्टिरॉइडचा फवारा आणि थेंब वाढवून बसतो, मोठा असेल तर भूल देऊन पकडीने काढता येतो. आठव्या आठवड्यात तोच दाणा पांढरा, घट्ट वण झालेला असतो आणि मग पकडीला दाद देत नाही. टर्बिनेट दाराकडे झुकून चिकटायला लागलं असेल तर तेही याच वेळी सुटतं.

नळी काढल्यावर डोळ्यात फ्लुरेसिनचा थेंब टाका आणि दुर्बीण दारावर धरून पेशंटला डोळे मिचकवायला सांगा. चांगलं दार असेल तर मिनिटाच्या आत हिरवट धार दिसते, आणि कॅनालिक्युलस जिथे उघडतो ते तोंड पापणीबरोबर किंचित हलताना दिसतं. हे हलणं दिसलं की मला सिरिंजिंगपेक्षा जास्त खात्री वाटते. सिरिंजिंगमध्ये आपण जोर लावतो, अश्रू जोर लावत नाहीत.

घरच्या सूचना लेखी आणि मराठीत द्या. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. नाकात तेल-तूप घालायचं नाही. दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, पण पाणी उकळून गार केलेलंच; विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालणं धोक्याचं असतं. नाक मोकळं करणारे थेंब पाच-सहा दिवसांपुरतेच, पुढे स्टिरॉइडचा फवारा. डोळ्याच्या कोपऱ्यात नळीचा फास वर आला, तर तो कात्रीने कापायचा नाही, ओढायचाही नाही. चिकटपट्टीने नाकावर बसवून दवाखान्यात यायचं. हे शेवटचं वाक्य ठळक छापा. 'डोळ्यात दोरा आला म्हणून कापला' असं सांगणारे पेशंट आपल्या सगळ्यांकडे येतात.

तुमच्या भागात एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना नसते. दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातं आणि मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाही. ऑक्टोबरमध्ये लेसर केलेली बाई चौथ्या आठवड्यात तुम्हाला दिसणारच नाही. ती फडात पाचटाच्या धुळीत असेल, नळी नाकात तशीच. तातडी नसेल तर अशांची शस्त्रक्रिया एप्रिल-मेमध्ये घ्या, म्हणजे पाठपुराव्याचे तीन महिने गावातच जातात. तातडी असेलच तर नळी न घालता करायचं की पेशंट जिथे जाणार तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायची, हे आधी ठरवा. फोनवर विचारता येण्यासारखा एक साधा प्रश्न आहे : थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं का? क्लोरॅम्फेनिकॉलसारखे थेंब कडू लागत असतील तर मार्ग बहुधा चालू आहे. आधी लागत होते आणि आता लागत नाहीत, तर एसटी पकडून या म्हणावं.

निकाल मोजायची पद्धतही बदला. महिन्याचं सिरिंजिंग म्हणजे यश नव्हे. सहा महिने आणि एक वर्ष, दोन्ही वेळा दोन गोष्टी लिहा : मार्ग उघडा आहे का, आणि पेशंटला दिवसातून किती वेळा डोळा पुसावा लागतो. मंक यांची श्रेणी त्यासाठी सोयीची आहे, शून्य म्हणजे पाणी नाही आणि पाच म्हणजे सतत. जे आलेच नाहीत त्यांना 'बरे' या रकान्यात टाकू नका. बरे झालेले येत नाहीत हे खरं, पण बंद झालेलेही दुसऱ्याकडे जातात. हे चार-सहा महिने नीट लिहिलंत तर नेमकं काय चुकतंय ते तुमच्याच वहीत दिसेल : लहान पिशव्या आहेत की वाकडी नाकं की न तपासलेले कॅनालिक्युलस.

ज्यांचं बंद झालंय त्यांच्यावर पुन्हा लेसर चालवू नका. एकदा जळून वण झालेल्या जागेवर दुसऱ्यांदा उष्णता दिली तर पहिल्यापेक्षा वाईट होतं. आधी दुर्बीण घालून कारण शोधा. दारावर नुसता पातळ पडदा असेल तर तो स्थानिक भूल देऊन कापून, काठ मोकळे करून, मायटोमायसिन आणि नळी घालून सुटतो. दार भिंतीला चिकटलं असेल तर चिकटण सोडवा आणि मध्ये सिलिकॉनचा पातळ तुकडा काही दिवस ठेवा. दार मुळातच लहान किंवा चुकीच्या जागी असेल तर दुर्बिणीतून हत्यारांनी, पूर्ण पिशवी उघडणारी डीसीआर, किंवा बाहेरून. ती तुम्ही करत नसाल तर करणाऱ्याकडे पाठवा. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत अश्रूमार्गाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि महाराष्ट्रातही मोठ्या शहरांत या कामात मुरलेले सर्जन आहेत. सिरिंजिंगला मऊ थांबा लागला, म्हणजे कॅनालिक्युलसच बुजला, तर गोष्ट अवघड आहे. शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात जाणारी काचेची जोन्स नळी कायमची बसवावी लागू शकते, आणि ती सांभाळणं पेशंटला आयुष्यभराचं काम असतं. हे पहिल्या लेसरआधीच्या संमतिपत्रात लिहिलेलं असावं.

एक शेवटची गोष्ट, कारण तुम्ही मोतीबिंदूची शिबिरंही घेता. मोतीबिंदूच्या आधी पिशवीत पू सापडला म्हणून लेसर केला, पंधरा दिवसांनी सिरिंजिंग मोकळं आलं, लेन्स बसवली, हा क्रम करू नका. लेसरचं दार पहिल्या दोन-तीन महिन्यांत चोरपावलांनी बंद होतं, आणि पू असलेल्या पिशवीशेजारी उघडलेला डोळा आतून सडू शकतो. थांबा, मोतीबिंदूच्या आठवडाभर आधी पिशवीवर दाब देऊन आणि सिरिंजिंग करून पुन्हा खात्री करा. फार म्हातारा, थकलेला, डोळे कोरडे असलेला पेशंट असेल तर डीसीआरच्या नादाला न लागता पिशवीच काढून टाका. थोडं पाणी येत राहील, पण पूचा धोका जातो आणि मोतीबिंदू लवकर करता येतो.